चार बकलं

परसात घंगाळात चिंच कोळलेली होती आणि तिच्यात बेबीचं लोखंड बुडवलेलं होतं, हे दिसलं तेव्हा उपेंद्ररावांच्या एका पायात अजून कचेरीचा बूट होता. तो काढायचं राहूनच गेलं. कल्याणीबाई दगडावर बसून काथ्याच्या चोथ्यानं एक बक्कल घासत होत्या, जशा त्या तांब्या घासत, समई घासत, देवाची पळी घासत. घासलेलं बक्कल सोललेल्या कातडीसारखं लालसर झालं होतं. बाकीची तीन अजून काळपट होती. चामड्याचे चारही पट्टे पाण्यात फुगले होते आणि घंगाळातलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं.

“चकाकलं की नाही? घाण केवढी होती बघा. परवा मनुबाई येईल न्यायला.”

“न्यायला?”

“वडगावची मनुबाई. लुगडी घेऊन येते ती. तिच्या मुलीचा पाय असाच गेलाय, बेबीसारखाच, तापात. गुरुवारी सांगितलं की मी तुम्हाला. तुम्ही हं म्हणालात.”

म्हणाले असतील. उपेंद्रराव घरात हं म्हणत, बोलणं सगळं कचेरीसाठी राखून ठेवत. त्यांनी वाकून, कोटाची बाही भिजवून, लोखंड घंगाळातून बाहेर काढलं. घरात त्याला सगळे लोखंडच म्हणत. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसलं नव्हतं. पायाच्या दोन्ही अंगांना दोन पोलादी सळया, तळाशी पावलाखाली बसणारी पट्टी, आणि मांडी, गुडघा, पोटरी, घोटा असे चार पट्टे, प्रत्येकाला एक पितळी बक्कल. बेबीचा डावा पाय सहाव्या वर्षी गेला, लोखंड आलं तशी ती चालायला लागली, आणि नववं पुरं व्हायच्या आत विषमज्वरानं तिला नेलं. त्याला आता दोन वर्षं होत आली. दोन वर्षं लोखंड त्यांच्या कोटाच्या शेजारच्या खुंटीवर होतं. रोज सकाळी कोट काढताना ते एकदा वाजे, संध्याकाळी लावताना एकदा. हा आवाज आपण ऐकतो हे त्यांना आज, खुंटी रिकामी दिसल्यावर कळलं.

“पट्टे वाळून चिरलेत,” ते म्हणाले. “असं कसं द्यायचं दुसऱ्याच्या मुलीला? नवे घालून देतो. कॅम्पात नागोजी आहे.” कल्याणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या एका पायातल्या बुटाकडे, आणि चोथा खाली ठेवला. कमरेला खोचलेला एक दोरा काढून त्यांनी त्यांच्या हातात दिला. मागावरचं जाड सूत, त्याला तीन गाठी. मनुबाईनं मुलीच्या पायाचं माप असं आणून दिलं होतं. एक गाठ मांडीची, एक गुडघ्याची, एक घोट्याची. विणकराच्या घरात टेप कशाला लागतो? उपेंद्ररावांनी दोरा सळईला लावून पाहिला. सळया खालून स्क्रू सोडून दोन बोटं वाढवता येत, त्यापुढे नाही. माप बरोबर बसत होतं. त्यांना क्षणभर मनुबाईचा राग आला.

कचेरीत उपेंद्ररावांचं नाव होतं. अव्वल कारकून पुष्कळ असतात, पण नियम न मोडता नियमातून पलीकडे जायची वाट दाखवणारा एखादाच. माणूस टेबलासमोर उभा राहिला की त्याला काय हवंय, काय बोलायची लाज वाटतेय, आणि कशावर तो समाधान मानून घरी जाईल, हे तीन रकाने त्यांच्या डोक्यात आपोआप भरले जात. चिकोडीच्या एका वृद्ध इनामदाराला शपथेवर सही करायची नव्हती, कारण त्यानं काशीत खोटं न बोलण्याची शपथ घेतली होती आणि कागद तर खोटा होता. उपेंद्ररावांनी त्याला मधलं एक वाक्य असं लिहून दिलं की म्हातारा आणि काशी दोघंही शाबूत राहिले. एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या, पखालीनं पाणी द्यायची वेळ आली, आणि गावातली सोवळी मंडळी कचेरीत येऊन बसली की चामड्यातलं पाणी आम्ही प्यायचं कसं. साहेब वैतागला. उपेंद्ररावांनी पान लावता लावता सुचवलं, पखालीच्या तोंडाला तांब्याची तोटी बसवा; धातूतून आलेलं पाणी धातूचं. मंडळी एकमेकांकडे बघून हसली आणि घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. ही गोष्ट बेळगावात चार वर्षं सांगितली जात होती, आणि सांगणाऱ्याला ते कधी थांबवत नसत.

कॅम्पातला नागोजी पलटणीच्या घोड्यांची खोगिरं शिवायचा. त्यानं लोखंड मांडीवर आडवं घेतलं, लाल झालेल्या बकलावरून अंगठा फिरवला आणि वर न बघता विचारलं, “कुनी चिचंत घातलं हे?”

“घरात.”

“घरात म्हंजे कुनीतरी घातलंच की. आपल्या पायानं जाऊन बसलं न्हाय.” त्यानं बक्कल नाकाशी नेऊन हुंगलं. “चिच भांड्याला, अण्णा. भांडं घासलं, पुसलं, फळीवर गेलं. हे बक्कल चामड्याला मिठी मारून बसतंय. चिचंचं पानी आत ऱ्हातंय आन मागनं नव्या चामड्याला आतनं खातंय. आन ह्ये हिरवं बघितलासा?” बकलाच्या कोपऱ्यात हिरवट मेणासारखं काही साचलं होतं. “चामड्यातलं त्याल, अंगाचा घाम, दोनी खाऊन पितळ ह्ये सोडतंय. ह्ये खरवडायचं न्हाय. बांबूची काडी घ्यायची, टोक चावून मऊ करायचं, आन उचलायचं. डोळ्यातलं कुसळ काढतो तसं. मग मऊ धडुतं, त्याला नावाला खोबरेल, आन श्येवटाला तोंडाची वाफ सोडून कोरडं पुसायचं. राख न्हाय, माती न्हाय, चिच न्हाय. चकाकाय नगं. निर्मळ झालं की बास.”

“मी करतो ते,” उपेंद्रराव म्हणाले. नागोजीनं आता वर पाहिलं. कोट, टोपी, खिशातलं शाईचं पेन, सगळं त्यानं एकदा नीट पाहून घेतलं आणि हसला. “करा की. माझं तेवढंच काम कमी.” आरीनं शिवण उसवून त्यानं चार बकलं सुटी केली. शेवटचं, घोट्याचं, हातात धरून तो थांबला. काटा जिथं टेकतो तिथं पितळेत खाच पडली होती, नखाचं टोक बसेल एवढी. त्यानं बाकीची तीन उलटीसुलटी केली. सगळ्यांना तीच खाच. “पोरगी किती वर्सं घालत हुती?”

“अडीच. वर एखादा महिना.”

“अडीच वर्सांत एवढी? पलटणीच्या घोड्याच्या पोटाखालच्या तंगाला बी एवढी पडायला धा वर्सं जात्यात. सकाळी घातलं, रात्री काढलं, त्यानं असं झिजत न्हाय, अण्णा. दिसातनं कितीदा काढत हुती ही?”

उपेंद्ररावांना लोकांची उत्तरं तयार करून द्यायची सवय होती. त्यांनी स्वतःला एक दिलं. “मुलं खेळतात.”

“व्हय,” नागोजी म्हणाला, “खेळत्यात,” आणि चार बकलं फडक्यात बांधून त्यानं त्यांच्या हातात ठेवली.

त्यानंतर प्रत्येक रविवारी जेवण झालं की उपेंद्रराव सोप्यात खिडकीपाशी बसत. समोर मोडक्या सुपाच्या बांबूच्या चार काड्या, जुन्या धोतराचं फडकं, वाटीत बोटभर खोबरेल. काडी चावताना दातांखाली बांबूची कोरडी, किंचित गोड चव येई. पहिल्या रविवारी एका बकलाचा एकच कोपरा झाला. हिरवं मेण काडीवर आलं की त्याखाली पितळ निघे ते पिवळं नव्हे. मऊ, तपकिरी, कुणीतरी खूप वेळ हातात धरलेल्या वस्तूचा असतो त्या रंगाचं. ते आणखी उजळायचा मोह होई, मग नागोजीचं वाक्य आठवे आणि हात थांबे. बेबीच्या पोटरीचा घाम यात होता. आक्का तिच्या पायाला चोळे ते तेल यात होतं. काडीनं ते उचलून आपण फडक्याला पुसतो आहोत आणि हे फडकं संध्याकाळी मोरीत जाणार आहे, असा विचार आला की ते काडी खाली ठेवत आणि बराच वेळ रस्त्यावरची माणसं मोजत. टिळकवाडीकडून येणारे सायकलवाले किती, टांगे किती. मग पुन्हा काडी. खाच मात्र ते शेवटी ठेवत. चारही बकलांची खाच.

खेळताना नव्हती पडली ती. लोखंड मिरजेहून आलं त्या दिवशी बेबी संध्याकाळभर सोप्यातून परसात आणि परसातून सोप्यात चालत होती, फरशीवर खट्, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा खट्. कल्याणीबाई रडत होत्या आणि हसत होत्या. पानं वाढली गेली तशी बेबी त्याच चालीनं स्वयंपाकघराच्या दारात आली, आक्काला दाखवायला. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण ताराबाई. विधवा होऊन आली तेव्हापासून चूल आणि देव दोन्ही तिच्याकडे, आणि तिचं सोवळं असं की ओल्या लुगड्याला वाळकं टोक लागलं तरी पुन्हा आंघोळ. ती हातात पळी धरून बेबीकडे बघत राहिली. तिचं तोंड उघडलं होतं. माणूस काय बोलणार हे आधीच ओळखणाऱ्या उपेंद्ररावांनी ते ओळखलं. बहिणीला वाईट बोलावं लागू नये, बायकोनं उलट काही म्हणू नये, जेवणाच्या वेळी घरात कडवटपणा नको. म्हणून पाटावरून, अगदी सहज, ते म्हणाले, “बेबी, चामडं आत नाही आणायचं गं. काढून ये.” आक्कानं तोंड मिटलं. तिला काय म्हणायचं होतं ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, मग कधीच विचारलं नाही. कुणी न मागता त्यांनी एक नियम केला, आणि तो घराला इतका बिनबोभाट लागू पडला की पुढच्या दिवशी तो कायमचाच असल्यासारखा झाला.

बेबी दाराबाहेर बसे आणि बकलं सोडे. मिरजेच्या गाडीत तिला स्टेशनं पाठ झाली होती. मांडीचं सोडताना ती म्हणे, “मिरज!” गुडघ्याचं, “कुडची!” पोटरीचं, “घटप्रभा!” आणि घोट्याचं काढून लोखंड भिंतीला टेकवताना, “बेळगाव आलं, उतरा!” मग दोन्ही हात जमिनीवर टेकून, बसल्या बसल्या, लुळा पाय मागून ओढत ती उंबरा ओलांडून आत येई. आक्कानं तिचा पाट दारालगत आणून ठेवला होता, ओढायचं अंतर कमी व्हावं म्हणून. जेवण झालं की तसंच बाहेर, आणि उलट्या क्रमानं बेळगाव, घटप्रभा, कुडची, मिरज. सगळे हसत. उपेंद्ररावही हसत. तिला त्याचं काही वाटत नाही, ही नोंद त्यांनी मनाशी करून ठेवली होती. अशी नोंद झाली की प्रकरण निकालात निघतं. पण ती आत सरपटत येई तेव्हा त्यांची नजर नेहमी पानातल्या मिठावर असे, हे कुठल्या रकान्यात टाकायचं ते त्यांना अजून सापडलं नव्हतं. एकतीस महिने. मिरजेच्या दोन खेपा आणि शेवटचे आजारपणाचे एकवीस दिवस वजा केले तरी नऊशे दिवस. दिवसाला दोन जेवणं. चार बकलं. सात हजारांच्या वर गेल्यावर त्यांनी हिशेब सोडला आणि खाचेत काडी घातली. खाच निर्मळ होती. तिच्यात मेण साचायला कधी सवडच मिळाली नव्हती.

पाचव्या रविवारी मनुबाई लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली ती थेट सोप्यात. कल्याणीबाईंशी बोलता बोलता तिनं खिडकीपाशी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. “आण्णा, बकलं पुसताय का त्येचं सोनं करताय?”

“नीट करून द्यावं म्हटलं.”

“द्या की. नीटच द्या. आमच्या बायाक्काच्या लग्नाच्या आत द्या म्हंजे झालं.” ती हसली, आणि हसता हसताच ओच्यातून दुसरा दोरा काढून तिनं खिडकीच्या फळीवर ठेवला. “ह्यो आजचा. पैला दोरा हाय न्हवं तुमच्याकडं? लावून बघा.” उपेंद्ररावांनी लावून पाहिला. घोट्याची गाठ नखभर खाली आली होती. “लोखंड खुंटीला वाढत न्हाय, आण्णा,” मनुबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती. “पोरगी वाढतीया. आजून बोटभर वाढली की तुमचं बक्कल कितीबी निर्मळ असूं द्या, मला काय उपेग न्हाय त्येचा.”

ती गेल्यावर कल्याणीबाई दारात उभ्या राहिल्या. “नागोजीकडे पट्टे केव्हाच झालेत. गडी सांगून गेला. तुम्हीच त्याला सांगितलंत की राहू दे म्हणून.”

“बकलं व्हायचीत.”

“तुम्हाला द्यायचं नाहीये.”

“असं कसं म्हणतेस? द्यायचंच आहे.”

“मलाही नाही द्यायचं,” कल्याणीबाई म्हणाल्या. “मी चिंचेत का घातलं असं वाटतं तुम्हाला? एकदा भांड्यासारखं घासलं की भांड्यासारखं देता येईल म्हणून घातलं. पण ती पोर भिंत धरून चालते हो. मी बघून आलेय. भिंतीला तिच्या हाताचा पट्टा पडलाय.” आणि त्या आत गेल्या. उपेंद्ररावांनी त्या दुपारी चारही बकलांवर तोंडाची वाफ सोडली. पितळ धुरकट झालं, पुन्हा निवळलं. चिंच लागलेलं बक्कल बाकीच्या तिन्हींपेक्षा तांबूस राहिलं ते राहिलंच.

नागोजीनं पट्टे सुरेख केले होते. आतून मेंढीचं मऊ कातडं, कडा गोल घासलेल्या, भोकं मोजून पाडलेली. बकलं बसवताना त्यानं प्रत्येक उजेडात धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “बरं केलंसा.” पुढच्या रविवारी सकाळी लोखंड पंचात गुंडाळून उपेंद्रराव वडगावाकडे निघाले. शहापूर ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माग ऐकू येतात, प्रत्येक घराचा ठेका वेगळा. सवय असलेला माणूस डोळे मिटूनही कुणाचं दार आलं ते सांगेल. चालताना पंचातून पट्ट्यांचा नव्या चामड्याचा वास येत होता. त्यांना हलकं वाटत होतं. एवढं चांगलं काम करून आपण देतो आहोत, बेळगावात कुणी करून दिलं नसतं असं, ही नोंद वाटेनं दोन-तीनदा त्यांनी केली. देणं अवघड गेलं खरं, पण दिलं तर असं दिलं.

मनुबाईचा नवरा केदारी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्यानं धोटा न थांबवता “या आण्णा” म्हटलं. बायाक्का भिंतीशी उभी होती, सात वर्षांची, तेल लावून चप्प केस. हात भिंतीवर, तिथं खरंच मळकट पट्टा पडला होता, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर, दारापासून चुलीच्या खोलीपर्यंत. मनुबाईनं लोखंड मांडीवर घेतलं. बकलं एकेक करून उघडली, झाकली. “काय निर्मळ केल्यासा ओ. हाताला लागत बी न्हाय.” मग तिनं पट्ट्यावरून हात फिरवला, वाकवून पाहिला, आणि संकोचून नवऱ्याकडे बघितलं.

“सांग की,” केदारी म्हणाला. “आण्णा काय रागावत न्हाईत.”

“चामडं लई झ्याक हाय, आण्णा. पर आमी ते काढून टाकणार. तुमी एवढं केलासा आन आमी असं म्हणतोय, वाईट वाटून घेऊ नगा.” ती उठली आणि कोनाड्यातून एक गुंडाळी घेऊन आली. चार बोटं रुंदीची सुती पट्टी, चौपदरी, नवारीहून घट्ट, कडेला लुगड्याच्या काठासारखी बारीक लाल रेघ. मध्ये मध्ये दोऱ्यानं काजं केलेली, बकलाच्या काट्यासाठी. “पैला दोरा तुमच्याकडं दिला त्याच आठवड्यात ह्येंनी इणून ठिवली. बकलाचीच वाट बघत हुतो.”

“पण चामडं टिकतं,” उपेंद्रराव म्हणाले. “सूत भिजतं, सैल पडतं. सहा महिन्यांत झिजेल.”

“झिजली तर दुसरी इणू,” केदारी म्हणाला. “घरात माग हाय न्हवं?”

“पण कशासाठी?”

“कशासाठी म्हंजे?” मनुबाईला प्रश्नच कळला नाही. “चामडं घालून पोरगी देवाम्होरं कशी जाईल? चुलीपाशी कशी येईल? आमच्यात न्हाय चालत. आन दर डावाला काढा आन घाला, काढा आन घाला, पोरीला काय जल्माचं त्येच काम?” ती पट्टी बकलात घालून पाहत होती, तिचं लक्ष तिच्या हातात होतं, आणि तिनं अगदी सहज विचारलं, “तुमच्यात तर आमच्याहून कडक असंल. तुमी कसं करत हुता ओ, आण्णा?”

कुठंतरी शेजारच्या घरातला माग चालू होता. उपेंद्ररावांच्या डोक्यात उत्तरं येऊन उभी राहिली, नेहमीसारखी, एकापाठोपाठ एक, शिस्तीत. एकही उचलता आलं नाही.

“काढून ठेवायची,” ते म्हणाले.

“दर डावाला?”

“हं.”

धोटा थांबला. केदारी खड्ड्यातून त्यांच्याकडे बघत होता. ते बघणं उपेंद्ररावांना ओळखीचं होतं. टेबलाच्या अलीकडे बसून आयुष्यभर त्यांनी लोकांकडे तसंच पाहिलं होतं, समोरच्याला घरी जाण्यापुरतं काय द्यावं ते शोधत. केदारीला ते सापडलं. “बामणाघरची येवस्था येगळी असती गं,” तो बायकोला म्हणाला. “चार बायका घरात. काढाय-घालाय कोनतरी असतंयच हाताखाली. आपल्यात तसं न्हाय म्हनून आपल्याला ह्ये करावं लागतंय.”

दार उघडं होतं. नुसतं मान हलवून निघायचं होतं.

“नाही,” उपेंद्रराव म्हणाले. “तिची तीच काढायची.”

मनुबाईच्या हातातली पट्टी थांबली. उपेंद्ररावांनी हात पुढे केला. “चाकू आहे का घरात? टाके मी उसवतो. बकलाला ओरखडा नको.” नागोजीची शिवण चिवट होती. एकेक टाका त्यांनी टोकानं वर घेतला आणि कापला. चामडं सुटलं, बकलं हातात आली, आणि मनुबाईनं ती पट्टीत अडकवून शिवली. तासभर लागला असेल. चिंच लागलेलं बक्कल कुठल्या पट्ट्याला गेलं ते त्यांनी पाहिलं नाही. त्या तासात त्यांच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरत होती, आणि ती बेबीसुद्धा नव्हती: शहापूर त्यांच्या घरापासून दोन मैलांवर होतं. गावभर नवार मिळत होती. आपल्या स्वतःच्या पलंगाला ती होती. ते तिच्यावर रोज झोपत होते.

बायाक्काला लोखंड बांधलं. ती भिंत सोडायला तयार होईना. केदारीनं तिला समोरून बोलावलं, “ये गं, ये, माझी वाघीण,” आणि ती आली, धडपडत, तोंड उघडं टाकून. दोनदा, तीनदा. मग कुणीतरी मिरच्यांवर शेळी आली म्हणून ओरडलं, मनुबाई बाहेर धावली, केदारी हसत मागाकडे वळला, आणि मुलगी आपल्या आपण फिरत फिरत चुलीच्या खोलीकडे गेली. उंबऱ्याशी तिनं चौकट धरली, लोखंडाचा पाय उचलून आत टाकला, मग दुसरा. आत देवीच्या तसबिरीसमोरचा गूळ तिनं तोंडात टाकला. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बघण्यासारखं काही घडतच नव्हतं. “जेवून जावा, आण्णा,” मनुबाई शेळी हाकलून आली ती म्हणाली, आणि मग आपण कुणाला काय म्हणालो हे ध्यानात येऊन जीभ चावली. उपेंद्ररावांनी उसवलेले पट्टे पंचात घेतले आणि निघाले.

घरी पोचायला बारा वाजून गेले. कल्याणीबाई दारातच होत्या. “बसलं का नीट?”

“बसलं.”

“चालली?”

“चालली. भिंत न धरता.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आणि पट्टे? आवडले का मनुबाईला? एवढे मऊ केलेत नागोजीनं.”

“फार आवडले,” उपेंद्रराव म्हणाले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सुताच्या पट्टीवर भागलं असतं हे तिला कळलं तर मनानं ती बेबीबरोबर रोज दोनदा त्या दारातून आत जाईल आणि दोनदा बाहेर येईल. तिला पानं घ्यायला सांगून त्यांनी आंघोळ केली, मुकटा नेसले. पंचा मोरीच्या कोपऱ्यात होता. मांडीचा, गुडघ्याचा, पोटरीचा पट्टा त्यांनी तसाच ठेवला. घोट्याचा सगळ्यांत लहान, वीतभरच. तो त्यांनी दुमडून मुकट्याच्या आत कनवटीला खोचला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. चामडं पोटाला लागत होतं. आधी गार, मग अंगाएवढंच गरम. आक्कानं भात वाढला, वरण वाढलं, तुपाची वाटी कलंडली. देवघरात निरांजन तेवत होतं. त्यांनी चित्राहुती घातल्या, पाणी फिरवलं, पहिला घास घेतला आणि थांबले. काहीच झालं नाही. चूल पेटलेली राहिली. आक्का त्यांच्या अगदी जवळून, लुगडं सावरत, पुढे गेली आणि परत आली. तिला काही कळलं नाही. आपलं कुणाचंच काहीच बिघडलं नसतं. त्यांनी दुसरा घास घेतला.

“आक्का,” ते म्हणाले.

“काय रे?”

लोखंड पहिल्यांदा आलं त्या दिवशी, पळी हातात धरून, तुझं तोंड उघडलं होतं. तू काय म्हणणार होतीस? प्रश्न तयार होता. आक्का वाकून वाट बघत होती, साठीला आलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असलेली, आणि तिच्या तोंडून जे कुठलं उत्तर येईल ते ऐकून पुढं जगायचं होतं. मी नको म्हणणार होते, हे एक. किंवा, येऊ दे की रे तिला, हे दुसरं.

“काही नाही,” उपेंद्रराव म्हणाले. “मीठ वाढ.”